ताई बऱ्या झाल्या तो हिवाळा

आकाशकंदील उतरवून माळ्यावर ठेवले आणि थंडी आलीच. यंदा तिला जरा घाईच झालेली दिसते. सकाळी गॅलरीत गेलं की गंगापूर रोडच्या बाजूला काहीच दिसत नाही, नुसतं पांढरं. निफाडकडे पारा फार खाली गेलाय, द्राक्षवाले पहाटे बागांमधून शेकोट्या पेटवतायत, असं दूधवाला सांगत होता. समोरच्या दत्तमंदिराच्या हॉलमधून टाळ्यांचा आवाज येतो, मग एकदम हसण्याचा. पायऱ्यांवर कॅनव्हासचे बूट, चपला, एखादी लोकरी मोज्यांची जोडी. साडीखाली असले बूट घालून चालणाऱ्या बायका आता आमच्या कॉलनीत कुणाला नवलाच्या वाटत नाहीत. गेल्याच्या गेल्या हिवाळ्यात आम्ही जेव्हा तसल्या निघालो, तेव्हा मात्र पोरं वळून वळून बघायची.

आम्ही म्हणजे मी आणि ताई. ताई माझ्या मोठ्या जाऊबाई. आमचं सासर विंचूरच्या पलीकडचं, कांद्याच्या शेतीचं घर. मी नाशिकची, डी.एड. झालेली, जरा शिष्टच. ताईंनी मला पहिल्या आठवड्यात कांद्याच्या खळ्यावर बसवलं होतं आणि माझ्या डोळ्यांना धारा लागल्यावर म्हणाल्या होत्या, "रडून घे आत्ताच. मंग सवय व्हती." आमचं तेव्हा कधी पटलं नाही. त्यांना वाटायचं मी कामचुकार, मला वाटायचं त्या कडक. पुढे मला नाशिकच्या शाळेत नोकरी लागली, आम्ही इकडे आलो. मुलाच्या शिक्षणासाठी भाऊजी आणि ताईही आले, एकाच इमारतीत, त्या खाली आणि आम्ही वर. भाऊजी गेले, त्यांचा प्रसाद बेंगलोरला नोकरीला लागला, मेघनाशी लग्न करून तिकडेच राहिला आणि ताई खालच्या घरात एकट्या राहिल्या. तरी आम्ही जावाच होतो. वाटीतून भाजी द्यायची, वाटी परत करताना त्यात काहीतरी घालून द्यायचं, एवढंच.

मग एक दिवस त्यांच्या घरातून आंबूस वास येऊ लागला. शोधलं तर ओट्याखाली, कपाटात, देवघराच्या मागे झाकलेली पातेली निघाली. मटकी भिजत घालायची, विसरायची, पुन्हा दुसऱ्या पातेल्यात भिजत घालायची. काहींना हातभर मोड आलेले, काही नासून गेलेली. ताई ओट्याला टेकून उभ्या होत्या. "शैला, ही मी घातली व्हती का गं?" असं त्यांनी इतक्या हळू विचारलं की मला आधी ऐकूच आलं नाही. त्या बाईंनी मला इतकी वर्षं फक्त हुकूम सोडले होते. प्रश्न कधी विचारला नव्हता.

प्रसाद धावत आला. डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. डॉक्टर म्हणाले, "ही सुरुवात आहे. पुढे किती वेगानं जाईल ते सांगता येत नाही. औषध देतो, पण औषध घेऊन बसून राहू नका. चाला. अंगात ताकद येईल असा व्यायाम करा. आणि डोकं आणि अंग दोन्ही एकदम चालेल असं काहीतरी नवीन शिका."

बाहेर आल्यावर ताई म्हणाल्या, "डोकं आनि अंग माझं येगळं येगळं कधी चाललं व्हतं?"

प्रसादला त्यांना लगेच बेंगलोरला न्यायचं होतं. ताई नको म्हणाल्या. शेवटी असं ठरलं की संक्रांतीपर्यंत बघायचं. तोवर जमलं तर राहतील, नाहीतर त्याच्याकडे. मला त्यानं बाजूला घेऊन विचारलं, "काकू, लक्ष ठेवाल ना?" मी हो म्हटलं. असा आमचा तो हिवाळा सुरू झाला.

दत्तमंदिराच्या हॉलमध्ये अपूर्वा नावाची मुलगी वयस्क बायकांचा वर्ग घ्यायची. फिजिओथेरपी शिकलेली, इगतपुरीहून रोज सकाळच्या गाडीनं येणारी. तिच्या घाटमाथ्यावरच्या सवयीमुळे आमची थंडी तिला थंडीच वाटायची नाही. आम्ही स्वेटरवर शाल आणि शालीवर कानटोपी घालून बसलेल्या, आणि ही आपली साध्या टी-शर्टवर. आमच्या वर्गातल्या बोरस्तेमावशींनी पहिल्याच दिवशी तिला सुनावलं, "जन्म गेला आमचा कामात. आम्हाला कसला व्यायाम शिकवतेस?"

अपूर्वा हसली नाही. म्हणाली, "मावशी, भांडी घासताना तुमचं लक्ष कुठे असतं?"

"कुठं म्हणजे? दूधवाल्याचं बिल द्यायचंय, सून कधी येईल, असंच."

"तेच. हात एकीकडे, मन दुसरीकडे. इथे दोन्ही एका जागी आणायचंय."

आधी चालणं. कॉलनीजवळच्या जॉगिंग ट्रॅकवर धुक्यातून चालताना ताई सगळ्यांच्या पुढे. शेतावर भाकरी घेऊन निघाल्यासारख्या, एक हात किंचित वर, डोक्यावर काही आहे असं वाटावं. मला दम लागायचा. चालण्यानं त्यांना झोप लागू लागली, हे खरं. सकाळी तोंडावर जरा टवटवी असायची. पण चालताना त्या बोलायच्या नाहीत. पाय पुढे आणि त्या स्वतः कुठेतरी आत निघून गेलेल्या. एकदा वळणावर वळायचंच राहिलं आणि सरळ मोठ्या रस्त्याला लागल्या. मी हाका मारत मागे. गाठल्यावर म्हणाल्या, "मला वाटलं, खळं पुढं हाय."

त्या दिवशी मी घरी येऊन खूप वेळ स्वयंपाकघरात नुसती उभी होते. चालणं चांगलं, चालणं चांगलं असं सगळे सांगतात. पण आपण कुठे चाललोय हे माणसाला ठाऊक लागतं ना.

मग ताकदीचे व्यायाम. अपूर्वानं पाण्याच्या बाटल्या भरून आणायला सांगितल्या. त्या उचलायच्या, रबरी पट्टी पायाखाली धरून ओढायची, खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठायचं. ताईंना त्याचं फार हसू यायचं. "आयुष्यभर कांद्याच्या पाट्या उचलल्या, आता पाण्याच्या बाटल्या उचलते." पण ताकद कुठली राहिली होती? भाऊजी गेल्यापासून बसून बसून मांड्या गळून गेल्या होत्या. त्यांना आंघोळीची भीती वाटायची, हे मला तेव्हा कळलं. पाय घसरेल म्हणून त्या नुसतं अंग पुसून घ्यायच्या आणि कुणाला सांगायच्या नाहीत. महिनाभरानं एक दिवस केस धुऊन, मोकळे सोडून वर आल्या. पाणी टिपकत होतं. "शैला, तेल लावून दे." मी त्यांच्या मागे बसले. माझ्या लग्नानंतर इतक्या वर्षांत मी त्यांच्या केसांना पहिल्यांदा हात लावला. विरळ झाले होते, पण मऊ होते. उन्हात बसून मी तेल लावलं आणि त्या खालच्या बागेतल्या मुलांचा आरडाओरडा ऐकत डुलक्या काढत राहिल्या.

तिसरा प्रकार सगळ्यांत अवघड होता. अपूर्वा फरशीवर खडूनं चौकोन आखायची. एक म्हटलं की उजवा पाय पुढे, दोन म्हटलं की डावा बाजूला, आणि सगळ्यांना जमायला लागलं रे लागलं की नियम उलटे. वर एका पायावर उभं राहून पालेभाज्यांची नावं सांगायची. नाहीतर चेंडू झेलायचा आणि झेलता झेलता काहीतरी सांगायचं. शिकल्यासवरल्यांचाही गोंधळ उडायचा. मी बावीस वर्षं मुलांना पाढे शिकवले, पण एका पायावर उभं राहिलं की मला मेथीच्या पुढे भाजी आठवायची नाही. ताईंचा तर पहिल्या दिवशी पाय आणि आकडा यांचा मेळच बसेना. त्या मधेच थांबल्या, खुर्चीवर जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "पोरी, मला येडी ठरवायला आणलंय का हितं?"

अपूर्वा त्यांच्यासमोर खाली फरशीवर बसली.

"आजी, चुकलं की डोक्याला काम लागतं. सगळं बरोबर आलं असतं तर मी तुम्हाला काय दिलं असतं?"

"चुकून चुकूनच इथवर आले," ताई म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी माझ्याआधी बूट घालून जिन्यात उभ्या होत्या.

हळूहळू बसलं. एक दिवस अपूर्वानं चेंडू टाकला आणि म्हणाली, "आजी, तुमच्या गावाहून नाशिकला एसटीनं यायचं तर कुठली कुठली गावं लागतात? एका झेलाला एक गाव."

"विंचूर." चेंडू परत. "नैताळे." परत. "निफाड." मग त्या अडल्या. चेंडू छातीशी धरून उभ्या राहिल्या. मला ठाऊक होतं पुढचं गाव, ते माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. अपूर्वानं माझ्याकडे नुसतं बघितलं आणि मी तोंड मिटलं. खिडकीतून उन्हाचा पट्टा त्यांच्या पायांवर पडला होता. त्यांच्या डोळ्यांसमोर एसटी चाललेली आम्हाला दिसत होती जणू. "पिंपळस," त्या म्हणाल्या आणि चेंडू असा फेकला की अपूर्वाच्या हातून सुटला. "चांदोरी! ओढा! आलं नाशिक!" बोरस्तेमावशींनी टाळ्या वाजवल्या. ताईंनी पदरानं तोंड पुसलं. "चांदोरीला माझी मावसबहीण दिली व्हती. लय गोरी. तिच्या घरी पेरूचं झाड व्हतं." परत येताना जिन्यापर्यंत त्या चांदोरीबद्दलच बोलत होत्या.

त्या पौषातले दिवस आठवले की मला आधी त्यांचं बोलणं आठवतं. ओल्या लसणाची चटणी वाटताना, बाजरीची भाकरी थापताना, गच्चीत उन्हाला पाठ करून बसलेलं असताना त्या बोलायच्या. हातगाडीवरची पहिली आंबट द्राक्षं खात आम्ही दोघी तोंडं वाकडी करायचो आणि पुन्हा घ्यायचो. त्यांनी मला सांगितलं की मी नाशिकला नोकरीवर निघाले, तेव्हा त्या चाळीत जाऊन रडल्या होत्या. कांदा साठवतात त्या चाळीत, म्हणजे रडण्याचं कुणाला कळायला नको. "तुला राग व्हता माझा. मला तुझा हेवा वाटायचा. तू पर्स घेऊन बसमधे चढायचीस." इतकी वर्षं एका घरात, एका इमारतीत राहून आम्ही हे बोललो नव्हतो. मला पन्नाशीत अशी मैत्रीण मिळाली असती तर, असं वाटून जातं. सत्तरीच्या तोंडावर मिळाली, आणि तीही एका हिवाळ्यापुरती.

संक्रांतीला प्रसाद आला. ताईंनी एकटीनं गुळपोळ्या केल्या होत्या, काठापर्यंत गूळ पोचलेल्या. त्याच्या शाळेतल्या मित्रांची नावं घेऊन विचारलं, कोण कुठे असतो. गॅस बंद केला, दूध झाकलं, मटकीचं पातेलं दाखवून म्हणाल्या, "एकच हाय. बघ पायजे तर." प्रसादचे डोळे भरून आले. तो दुसऱ्या दिवशी हॉलवर गेला, अपूर्वाला तिळगूळ दिला, तिच्यासमोर हात जोडले.

आणि संध्याकाळी आमच्याकडे चहाला आल्यावर म्हणाला, "काकू, आई आता ठीक आहे. मी तिला घेऊन जातो."

मी म्हटलं, "अरे, ठीक आहे म्हणूनच इथे राहू दे ना. असंच ठरलं होतं."

"मेघनाची रजा संपतेय. बाळ आठ महिन्यांचं. बाहेरच्या बाईकडे ठेवायचं जिवावर येतं. आणि आईलाही एकटीनं किती दिवस राहायचं? नात आहे, घर आहे. उलट बरं वाटेल तिला."

त्याचं काही चुकत नव्हतं. मी त्याच्यावर रागावायला गेले असते तर मला कारण सापडलं नसतं. मी ताईंकडे वळले. "ताई, तुम्ही सांगा. तुम्हाला इथे राहायचंय ना?"

ताईंच्या चेहऱ्यावर एक तेज आलं होतं. त्यांना कुणीतरी पुन्हा कामाला बोलावत होतं. "नात हाय माझी, शैला. लेकाला गरज लागली आनि मी हितं चेंडू झेलत बसू?"

"तिथे कोण घेईल व्यायाम?"

"पोरामागं पळाले की झाला व्यायाम."

जावेला यापुढे बोलायला जागा नसते. मी म्हणाले तेवढं म्हणाले. अपूर्वानं त्यांच्या फोनवर सगळ्या व्यायामांचे व्हिडीओ करून दिले. प्रसादनं शब्द दिला की रोज करून घेईन. तो शब्द त्यानं मनापासून दिला होता, हे मी आजही सांगेन.

बेंगलोरचं त्यांचं घर उंचावर, बाराव्या मजल्यावर. खाली उतरायचं तर लिफ्टची बटणं, फाटकावरचा रखवालदार, आणि त्यापुढे न कळणारी भाषा. ताई खाली जायच्या नाहीत. फोनवर सुरुवातीला खूप बोलायच्या. नातीनं काय केलं, मेघना जेवण कसं करते. "व्यायाम करता का?" विचारलं की हसायच्या. "कडेवर घेऊन घरभर हिंडते. आनि काय पायजे?" प्रसादही तेच म्हणायचा, "काकू, दिवसभर ती बाळामागे असते." मला हॉलमधला पहिला दिवस आठवायचा, पण फोनवर अशा गोष्टी समजावता येत नाहीत. दमणं आणि व्यायाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मलाच साठीनंतर कळलेलं. नातीशी बोलायचे तेच शब्द दिवसभर. ये, जा, खा, नको. कुणी नियम उलटा करत नव्हतं, कुणी पुढचं गाव विचारत नव्हतं.

पावसाळ्यात एकदा त्यांनी मला फोनवर विचारलं, "कांदा भरला का चाळीत?" मी म्हटलं, भरला. काय सांगणार? पुढच्या वर्षी नात पाळणाघरात जायला लागली आणि ताईंचं कामच संपलं. त्या खिडकीपाशी बसून राहायच्या. दिवाळीला फोन केला तर त्या फोन कानाला लावून बसलेल्या, नुसता श्वास ऐकू येत होता.

एक दिवस प्रसादचा फोन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग एकदम म्हणाला, "काकू, ती बरी होती म्हणूनच नेलं ना मी तिला?"

"हो रे," मी म्हटलं. "म्हणूनच नेलंस."

मी डॉक्टरांना जाऊन भेटले होते. त्यांना विचारलं, इथे राहिल्या असत्या, वर्ग चालू राहिला असता, तर? ते म्हणाले की असं कुणालाच सांगता येणार नाही. व्यायामानं काहींना बराच फरक पडतो, काहींना थोडाच काळ. आजार त्याच्या चालीनं पुढे गेलाही असता. मी ते ऐकून घेतलं. पण मला अख्खी वर्षं नको होती. अजून एक पौष मिळाला असता, अजून एक मोसम द्राक्षांचा, तरी चाललं असतं. डॉक्टरांच्या "सांगता येत नाही"मध्ये तो मोसम कुठेतरी आहे, आणि माझा जीव तिथेच अडकून राहिलाय. बायकांच्या बऱ्या होण्याचा अर्थ आपल्याकडे पुन्हा कामाला उपयोगी पडणं एवढाच का होतो, हेही मनात येतं. ताईंनाही तोच अर्थ ठाऊक होता, आणि म्हणून त्या इतक्या आनंदानं गेल्या. याचं वाईट अधिक वाटतं.

या महिन्यात नात्यातलं एक लग्न होतं, म्हणून प्रसाद त्यांना चार दिवस घेऊन आला. खालचं घर उघडलं, झाडलं. ताई वाळल्या होत्या. पावलं घासत चालत होत्या. मी गरम पाण्यानं त्यांना आंघोळ घातली, भाकरी कुस्करून दुधात दिली. त्या समजूतदारपणे सगळं करून घेत होत्या, पाहुण्यानं वागावं तशा. सकाळी हॉलवरही नेलं. अपूर्वानं वाकून नमस्कार केला. ताई कडेला खुर्चीवर बसून बायकांकडे बघत राहिल्या आणि बोरस्तेमावशी एका पायावर डगमगल्या तेव्हा त्यांना हसू आलं. निघताना अपूर्वानं त्यांचे दोन्ही हात हातांत घेतले.

निघायच्या दिवशी सकाळी गाडी फाटकाशी लागली. मी त्यांना मागच्या सीटवर बसवलं, पायांवर शाल घातली, कानटोपी नीट केली. प्रसाद मागे सामान ठेवत होता. ताईंनी माझा हात धरून ठेवला.

"तुमच्याकडं लय बरं वाटलं," त्या म्हणाल्या.

जन्मात त्यांनी मला 'तुम्ही' म्हटलं नव्हतं.

"पुन्हा या," मी म्हटलं.

"तुमच्या घरी कोन कोन हाय?"

"आम्ही दोघं. आणि मला एक मोठी जाऊ आहे."

"पटतं का तुमचं?"

"आधी पटायचं नाही. मग चांगलं पटलं."

त्यांना ते आवडलं. मान हलवून हसल्या. "असतात कुठं त्या?"

"बेंगलोरला. मुलाकडे."

"इतक्या लांब?" ताईंनी माझा हात जरा दाबला, काही समजवायचं असावं तसा. "मंग बोलावून घ्या की त्यांला. आपलं मानूस लांब कशाला ठेवायचं?"

मी मागे बघितलं. सामान केव्हाच ठेवून झालं होतं. प्रसाद उघड्या डिकीवर हात ठेवून तसाच उभा होता.